मयत बाई मापं घेतात

गाऊनमावशीला आयुष्यात तीन वेळा वाटलं की आपण फार हुशार आहोत, आणि तिन्ही वेळा ती तोंडावर आपटली. बाकीच्या वेळी तिला असं काही वाटलं नाही, म्हणून बाकीचं आयुष्य बरं गेलं.

पहिली वेळ लग्नाच्या आधीची. शाळा तिसरीत सुटलेली. स्थळ आलं तेव्हा मुलीला काय येतं म्हणून विचारलं, तर हिने ठोकून दिलं की मला शिवण येतं. शिवणयंत्र तिने फक्त शेजारणीकडे लांबून पाहिलेलं. नवरा नेमका शिंपी निघाला. लग्नानंतर चौथ्या दिवशी त्याने एक पँट हातात दिली आणि म्हणाला, खालून दुमडून शिवून टाक. हिने मन लावून शिवली. इतकं मन लावून, की दोन्ही पायांची तोंडंच बंद करून टाकली. नवरा अबोल माणूस. त्याने ती पँट उलटसुलट करून पाहिली आणि एवढंच विचारलं, "यात पाय घालायचा कुठून?" त्या दिवसापासून त्याने तिला शिकवायला घेतलं आणि ती शिकली. लाज ही चांगली मास्तरीण असते, फक्त मारते फार.

दुसरी वेळ नवरा गेल्यानंतरची. दुकान होतं कायद्याच्या कॉलेजच्या मागच्या फाटकासमोर, पण नवऱ्याने जन्मभर पँटीच शिवल्या. मूल पदरात, पँटीची गिऱ्हाइकं पांगलेली, आणि एक दिवस एक विद्यार्थी काळं कापड घेऊन आला, गाऊन शिवाल का म्हणून. हिने कधी गाऊन हातात धरला नव्हता. म्हणाली, त्यात काय, ढगळ कोट तो. बाह्या उलट्या लागल्या. तो मुलगा कॉलेजातल्या सरावाच्या कोर्टात उभा राहिला, हरकत घ्यायला हात वर केला आणि सगळा गाऊन डोक्यावर आला. आतून हरकत ऐकू येत होती म्हणे, पण माणूस दिसत नव्हता. लोक दुकान बघायला आले, हसायला म्हणून. कसे का होईना, आले. मावशीने मग एका म्हाताऱ्या सरांचा जुना गाऊन मागून घेतला, टाका न् टाका उसवला, तुकडे जमिनीवर मांडून पाहिले आणि पुन्हा होता तसा जोडला. त्यानंतर चाळीस वर्षं त्या कॉलेजात दुसऱ्या हातचा गाऊन गेला नाही. म्हणून नाव गाऊनमावशी.

तिसरी वेळ मृत्युपत्राची. तीच सांगायची आहे.

मावशीचा एकुलता मुलगा शिकला आणि मोठ्या शहरात नोकरीला लागला. लग्न करून बायकोला दोन वर्षं इथेच ठेवलं. पुढच्या महिन्यात नेतो, पुढच्या महिन्यात नेतो. मग तिकडेच त्याने दुसरं घर मांडलं, दुसऱ्या बाईसकट. एकदा येऊन आपले कपडे घेऊन गेला. सगळ्यांना वाटलं, सून आता माहेरी जाणार. ती गेली नाही. कोणी विचारलं तर सांगायची, सहा गाऊनची काजं राहिलीत, ती झाली की बघते. त्याला बावीस वर्षं झाली. काजं काही संपली नाहीत.

दुकान एवढंसं. दोन मशीन समोरासमोर, मधे कापडाचा ढीग, मागे आरसा. एकीने पाय लांब केले तर दुसरीने आखडायचे. सून कमी बोलायची, कारण तिच्या तोंडात कायम टाचण्या. सासूच्या तोंडात जीभ आणि सुनेच्या तोंडात टाचण्या, म्हणून आमचं टिकलं, असं मावशीच गिऱ्हाइकांना सांगायची.

मुलगा तसा वाईट नव्हता. दर रविवारी फोन करायचा, गुडघे कसे आहेत विचारायचा. पण गेल्या वर्षी एका रविवारी तो सहज म्हणाला, आई, तुझ्यानंतर ती जागा देऊन टाकू, तिथे बघायला कोण आहे. समोर सून काज करत बसली होती. मावशीने फोन ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. बावीस वर्षं जी डोळ्यांसमोर बसलीय ती ह्याच्या हिशोबात कुठेच नाही, आणि उद्या आपण डोळे मिटले की कायद्याच्या हिशोबातही नसेल, हे तिच्या ध्यानात आलं. दुकान मावशीच्या नावावर, मुलगा एकटा वारस. सून म्हणजे काय, तर मशीनवर बसलेली एक बाई.

आता मावशीने काय करायला हवं होतं? समोर कायद्याचं कॉलेज. रस्ता ओलांडून कुणालाही विचारायचं. पण चाळीस वर्षं कायद्याची माणसं आपल्याकडे हात वर करून उभी राहिलीत, त्यांची बोलणी कानावरून गेलीत, आपल्याला काय कळत नाही, असं तिला वाटलं. कायद्याचे कपडे शिवले म्हणून कायदा येत असता, तर धोब्याने निकाल दिले असते. पण हे शहाणपण नंतरचं.

तिने रेघांच्या वहीतलं पान फाडलं आणि दुपारच्या शांत वेळी लिहायला बसली. "मी खाली सही करणारी, शुद्धीत असून आणि कोणाच्या धाकात नसून (मला कोण धाक दाखवणार) असं लिहून ठेवते की माझं दुकान, दोन्ही मशीन, कात्र्या आणि आरसा माझ्या सुनेला. ती इथे बसते म्हणून. मुलाला माझा आशीर्वाद आणि रविवारचा फोन." रविवारचा फोन कसा द्यायचा ते तिलाही माहीत नव्हतं, पण मुलाला काहीच नाही असं कागदावर बरं दिसेना.

दोन साक्षीदार लागतात एवढं तिला ठाऊक होतं. शेजारच्या इस्त्रीवाल्याला बोलावलं, त्याने सही केली. दुसरं कोणी नव्हतं. मग तिने पान दुमडून फक्त खालची जागा उघडी ठेवली आणि सुनेला म्हणाली, इथे सही कर गं, कसला तरी अर्ज आहे. सुनेच्या तोंडात टाचण्या. तिने मान हलवली आणि सही केली. मावशीला काय आनंद झाला. जिला मिळणार तिलाही पत्ता नाही, अशी आपली चलाखी. कागद तिने मशीनच्या खणात रिकाम्या बॉबिनखाली ठेवला आणि चार महिने त्यावर कोंबडीसारखी बसली.

चार महिन्यांनी कॉलेजात नवे सर आले. वय कोवळं, गाऊन दुसऱ्याचा, बाह्या बोटांच्याही खाली. बाही आखूड करायला आले आणि सून बाहेर दोरे आणायला गेली होती. मावशीच्या पोटात गोष्ट राहीना. तिने कागद काढून दाखवला. नव्या सरांनी एकदा वाचला, पुन्हा वाचला, मग सह्यांवर बोट ठेवलं. मला एक शंका आहे, म्हणाले, पण मी नवा आहे, वडीलधाऱ्यांना विचारून सांगतो. नावं झाकून हा कागद कॉलेजात दाखवला तर चालेल का?

मावशीने यातलं 'कॉलेजात दाखवला तर' एवढंच ऐकलं. शंका वगैरे तिच्या कानाशी आलीच नाही. तिसरी नापास बाईचं लिखाण कायद्याच्या कॉलेजात. आठवडाभर ती चालतानाही जरा मान वर करून चालत होती, आणि सून विचारत होती, मानेला काय झालं.

त्या कॉलेजात एक पद्धत होती. एक बुधवार सोडून एक, दुपारी तीन वाजता, वरच्या मजल्यावरच्या खोलीत सगळे शिकवणारे जमायचे. त्या दिवशी ज्याची पाळी, त्याने काहीतरी आणायचं. आपला अर्धवट लिहिलेला लेख, नाहीतर वर्गात शिकवायची एखादी नवी युक्ती. प्रती वाटायच्या, दोन वाक्यांत काय ते सांगायचं आणि मग अर्धा तास तोंड बंद ठेवायचं. बाकीच्यांनी बोलायचं, त्याने ऐकायचं. हा नियम प्राचार्यबाईंनी घातला होता. त्याआधी म्हणे प्रश्न विचारायच्या आत उत्तरं यायची, आणि एकदा तर दोन सर एकमेकांच्या लेखाला उत्तर देता देता रात्रीच्या जेवणाची वेळ टळली तरी उठले नव्हते. तेव्हापासून टेबलावर घड्याळ असे, आणि ज्याची पाळी तो बिचारा घड्याळाकडे बघत बसे.

मावशीला ही बैठक ठाऊक होती ती वेगळ्या कारणाने. पदवीदानाच्या आधी सगळ्यांच्या गाऊनची मापं घ्यायची असत, आणि सगळे एका जागी सापडत ते याच वेळी. ती टेप घेऊन खुर्च्यांमागून फिरायची. ज्याचं माप घ्यायचं तो उभा राहायचा, हात पसरायचा आणि तसाच बोलत राहायचा. सून खिडकीशी स्टुलावर वही घेऊन बसायची. मावशी आकडा सांगायची, सून लिहायची. इतक्या वर्षांत मावशीने तिथे काय काय ऐकलं. कोणी म्हणे मुलांना कलम पाठ करायला लावू नका, भांडण द्या आणि कलम त्यांनाच शोधू द्या. कोणी म्हणे मी सहा वर्षं एकच लेख लिहितोय. मावशीला वाटायचं, सहा वर्षांत एक गाऊन शिवला असता तर गिऱ्हाईक म्हातारं झालं असतं.

त्या बुधवारी पाळी नव्या सरांची. त्यांनी प्रती वाटल्या. मावशीने लांबूनच ओळखलं, आपलं अक्षर. नावांच्या जागी काळ्या पट्ट्या, मुलगा म्हणजे 'क', सून म्हणजे 'ख'. मावशीची छाती अशी फुगली की तिचंच माप चुकलं असतं. नवे सर उभे राहिले आणि म्हणाले, हे एका बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं मृत्युपत्र आहे. पहिल्या दिवशी मुलांना नियम न सांगता हेच द्यावं आणि त्यातली चूक शोधायला लावावी, अशी माझी कल्पना. आणि खाली बसले. प्राचार्यबाईंनी घड्याळ लावलं.

मावशी तेव्हा वारसावाल्या सरांच्या खांद्यावर टेप लावून उभी होती. हे सर पस्तीस वर्षं एकच विषय शिकवत होते, कोण मेल्यावर कोणाला काय मिळतं. पुढच्या वर्षी निवृत्त होणार. 'चूक' हा शब्द कानात गेला आणि मावशीची टाचणी सरांच्या दंडात गेली. सरांना ते कळलंही नाही. ते कागद वाचत होते आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता की जणू हरवलेलं पोर सापडलं.

"अहो, काय सुंदर चूक आहे ही," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. ज्याला मालमत्ता मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही. केली तर कागद टिकतो, पण त्याचा वाटा जातो. इथे 'ख'ला सगळं दिलंय आणि सही 'ख'चीच घेतलीय. म्हणजे 'ख'ला काही नाही. सगळं फिरून 'क'कडे. पस्तीस वर्षं मी वर्गात अशी चूक बनवून सांगतो, सर म्हणाले, मुलांना वाटतं सर उगाच गोष्टी रचतात, आणि या बाईंनी ती किती सहज केलीय बघा.

मावशीच्या हातातला टेप तसाच राहिला. सुंदर चूक. पँटीची तोंडं बंद केली होती तेव्हा निदान ती उसवता आली होती. इथे तिने सुनेचंच नाव तिच्याच हाताने खोडायला लावलं होतं, आणि वर त्याला चलाखी म्हणत चार महिने बसली होती.

पुढे मग बैठक रंगली. प्राचार्यबाईंचं म्हणणं पडलं की इथे नियम एकीकडे ओढतो आणि बाईंची इच्छा दुसरीकडे, हा खरा लेखाचा विषय आहे, आणि त्यांच्या एका जुन्या लेखात त्यांनी तो मांडलाही होता. वारसावाले म्हणाले, मीही मांडला होता, तुमच्या आधी. फौजदारीवाल्या सरांची तऱ्हाच निराळी. ते चोऱ्यामाऱ्या आणि खुनाचा कायदा शिकवायचे, त्यामुळे त्यांना कोणीही साधं वाटत नसे. ते छातीचं माप द्यायला हात पसरून उभे राहिले आणि म्हणाले, मला ती सून संशयास्पद वाटते. न वाचता सही करते म्हणजे काय? मयत बाईंना तिने काय काय खायला घातलं, कोणी पाहिलंय?

मयत बाईंनी त्यांच्या छातीभोवती टेप आवळला. सर जरा खोकले.

सगळेच तिला मयत म्हणत होते. मयत बाईंची इच्छा, मयत बाईंचं अज्ञान, मयत बाईंची भाषा किती गोड. मृत्युपत्र म्हटलं की लिहिणारा मेलेलाच, अशी त्यांची जुनी सवय. त्यांच्या पुस्तकातला कोणताही माणूस जिवंतपणी मृत्युपत्र लिहून मग गाऊनचं माप घ्यायला आलेला नव्हता. नव्या सरांचे कान लाल झाले होते. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा प्राचार्यबाईंनी घड्याळाकडे बोट केलं. अजून अकरा मिनिटं.

तेवढ्यात फौजदारीवाल्यांनी पसरलेल्या हातातच कागद धरून शेवटचं वाक्य मोठ्याने वाचलं, "मुलाला माझा आशीर्वाद आणि रविवारचा फोन."

खिडकीशी पेन्सिल थांबली. मावशीने न बघताही ते ओळखलं, बावीस वर्षांचा आवाज तो. सुनेने वही मिटली आणि सासूकडे पाहिलं. मावशीने टेपाकडे पाहिलं. टेपावर काय, आकडेच.

"वाईट एवढंच वाटतं," वारसावाले म्हणत होते, "की असं का केलंत हे बाईंना विचारता येत नाही. आपल्या विषयाची हीच गंमत आहे. ज्याला विचारायचं तो नसतो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मावशीला खरं तर गप्प बसून खाली जायचं होतं. एवढ्या शिकलेल्या माणसांपुढे ही चूक माझी म्हणायचं म्हणजे गाऊन डोक्यावर घेऊन उभं राहण्यासारखं. पण समोर वही मिटलेली होती.

"विचारा की," ती म्हणाली. "मी आहे अजून."

फौजदारीवाल्यांचे हात तसेच पसरलेले. वारसावाले सर दोन पावलं मागे सरकले. पस्तीस वर्षांत त्यांच्यासमोर कोणी मयत असा बोलला नव्हता. प्राचार्यबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या की नियम फक्त कागद आणणाऱ्यासाठी आहे, कागद लिहिणाऱ्यासाठी नाही, तेव्हा मावशींनी बोलावं.

मावशीने सगळं सांगितलं. मुलगा कुठे आहे, फोनवर काय म्हणाला, सही कशी घेतली, चलाखी कशी वाटली. सांगताना तिचं तिलाच हसू आलं. "आता एवढं सांगा," ती शेवटी म्हणाली, "मी आज मेले तर हिला काय मिळतं?"

"काही नाही," वारसावाले म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पण तुम्ही मेला नाहीत."

"नाही."

"मग नवीन लिहा. जुना फाडा. दोन साक्षीदार घ्या, ही सोडून. झालं." एवढं बोलून ते खुर्चीत बसले. पुढ्यातलं ताट कोणी उचलून न्यावं तसा त्यांचा चेहरा झाला. "इतकं सोपं होतं हे. आम्ही एवढा वेळ काय बोललो?"

नव्या सरांची मिनिटं अजून संपली नव्हती, पण ते बोललेच. मला तेच म्हणायचं होतं, म्हणाले.

मग कागद आला, आणि त्याच्याबरोबर मोठी पंचाईत आली. प्रत्येकाला काहीतरी घालायचं होतं. सून आधी गेली तर काय, आग लागली तर काय, आरसा फुटला तर त्याच्या जागी दुसरा आरसा धरायचा का. 'रविवारचा फोन' ही मालमत्ता होते का यावर दोन मतं पडली. फौजदारीवाल्यांना विषप्रयोगाचं एक कलम हवं होतं. मजकूर तिसऱ्या पानावर गेला तेव्हा मावशीने पेन काढून घेतलं. म्हणाली, सहा जणांनी मिळून कोट शिवला तर खिसे भरपूर होतात आणि बाही राहून जाते. आणि कोऱ्या पानावर तिने पुन्हा आपल्याच अक्षरात, आपल्याच चार ओळी लिहायला घेतल्या.

त्याआधी वारसावाल्यांनी सुनेला बाहेर थांबायला सांगितलं. जिला मिळायचं ती खोलीत नसलेली बरी, उद्या कोणी बोट दाखवायला नको. सून वही, टाचण्यांची डबी आणि प्राचार्यबाईंचा अर्धा टाचलेला गाऊन घेऊन निमूट बाहेर गेली. जाताना तिने दार ओढून घेतलं, जरा जोरात.

सह्यांच्या वेळी फौजदारीवाल्यांनी मावशीची उलटतपासणी घेतली. कोणी धाक दाखवला का, नाही. काही प्यायलात का, चहा. कोणी दिला, तुमच्याच शिपायाने. त्यांचं समाधान झालं आणि त्यांनी सही केली. वारसावाल्यांनी तारीख तीनदा तपासली. मग सही केली. एवढ्या वर्षांत हजार मृत्युपत्रं शिकवली, म्हणाले, साक्षीला सही पहिल्यांदाच करतोय. मावशीने त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि तेव्हा तिला टाचणीची आठवण झाली. ती तिने हळूच काढून घेतली.

जुना कागद तिने फाडला. झेरॉक्स प्रती मात्र प्राचार्यबाईंनी मागून घेतल्या. नव्या सरांची युक्ती सगळ्यांना पसंत पडली होती. पुढच्या सत्रात पहिल्या दिवशी मुलांना चूक शोधायला द्यायची आणि मावशींनी शेवटच्या बाकावर गप्प बसायचं, बघू कोणी त्यांना विचारतं का. मावशी हो म्हणाली. चूक सुंदरच आहे तर ती चार जणांना दाखवायला कसली लाज.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर सून गाऊन टाचत बसली होती. मावशी शेजारी टेकली. जिन्यावरून मुलं जात होती. मग मावशीनेच सुरुवात केली, म्हणाली, अगं, चुकलं माझं, न वाचता सही घ्यायला नको होती.

सुनेने तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या. सगळ्या, एकेक करून. मावशीला ते काही बरं लक्षण वाटलं नाही.

"आई, आत एवढी शिकलेली माणसं बसली," सून म्हणाली. "मयत बाईंना काय हवं होतं, यावर एवढा वेळ बोलली. तुम्ही चार महिने त्या कागदावर बसलात. मला कोणी विचारलं का, मला ते दुकान हवंय का?"

मावशी बावीस वर्षं धरून चालली होती की जी बसलीय तिला बसायचंच आहे. मुलगाही तसंच काहीतरी धरून चालला होता, फक्त उलट बाजूने. दोघांनी हिला न विचारताच हिचं ठरवलं, आणि मुलाला नावं ठेवता ठेवता आपणही त्याच मापाचे निघालो, हे मावशीला त्या बाकावर बसल्या बसल्या उमगलं.

"हवंय का?" तिने विचारलं. आणि पहिल्यांदाच तिला खरोखर माहीत नव्हतं, उत्तर काय येईल. सून नको म्हणाली असती तर आतला नवा कागदही केराचाच होता.

सुनेने सुईत दोरा ओवला. गाठ मारली. दोन टाके घातले.

"हवंय," ती म्हणाली. "पण तेव्हा मी काजांसाठी थांबले होते, तसं नाही. हवंय म्हणून हवंय. आणि माझी एक अट आहे. ती पाटी बदलायची. दुकानावर अजून 'आणि मुलगा' लिहिलंय. बावीस वर्षं मी त्याखालून आत जाते."

मावशी पाटीखालून रोज जात होती, पण ती पाटी तिला कधी दिसलीच नव्हती. नवऱ्याने रंगवून घेतलेली, पोरगा रांगत होता तेव्हाची. आज काढू, ती म्हणाली. सून म्हणाली, आज नको, प्राचार्यबाईंचा गाऊन द्यायचाय.

रविवारी काढायला घेतली. मावशीच्या गुडघ्यांमुळे तिने स्टूल धरायचं आणि सुनेने वर चढायचं. जुना रंग घट्ट होता, खरवडताना पापुद्रे मावशीच्या डोक्यावर पडत होते. मधेच फोन वाजला, मुलाचा. मावशीने एका हाताने स्टूल धरून त्याला गुडघ्यांचं सांगितलं, आणि मग दुकानाचंही सांगितलं, जसं होतं तसं. तो म्हणाला, बघ बाई तुझं, आणि पुढच्या रविवारी करतो म्हणाला. तेवढं तरी त्याच्या नावावर राहिलं.

'मुलगा' निघाला. वर नवऱ्याचं नाव, खाली 'आणि', आणि पुढे उघडं लाकूड. मावशीने डोक्यावरचे पापुद्रे झटकले आणि मान मागे करून बघितलं. तिच्या मनात लगेच एक चांगलीशी कल्पना आली.

"'सून' लिहू या," ती म्हणाली. "'आणि सून.' कुठल्याच दुकानावर नसेल."

"सून नको," वरून आवाज आला. "सून मी होते तेव्हा होते."

"मग काय लिहायचं?"

सुनेने उघड्या लाकडावरून तळहात फिरवला, कापडाचा पोत बघतात तसा.

"स्टूल नीट धरा, आई," ती म्हणाली. "पुढचं मी बघते."